माणसाळलेले मासे

मामांनी नाल्याच्या काठावर वाकून पाण्यात हात घातला, तसे चार-पाच मासे त्यांच्या बोटांना येऊन लागले. पाहणीला आलेले प्रदूषण मंडळाचे साहेब खूश झाले.

"आहे का यांना कसला त्रास?" मामा म्हणाले. "घरच्या मांजरासारखे माणसाळलेत."

कारखाना मामांचा. मन शांत करणाऱ्या गोळ्या तिथे बनत. सांडपाणी शुद्ध करून या नाल्यात सोडतात, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं जाई. भाची तिथेच केमिस्ट होती. वडील गेल्यावर मामांनीच तिला शिकवलं, नोकरीला लावलं. सकाळी गाडीत ते एवढंच म्हणाले होते, "मासे ठणठणीत आहेत म्हण. बाकी मी बघतो."

पलीकडे एक बगळा उतरला. त्याने एक मासा उचलला. बाकीचे जागचे हलले नाहीत. त्याने सावकाश दुसरा उचलला.

"काय मॅडम, मासे ठणठणीत ना?" साहेबांनी विचारलं.

मामा भाचीकडेच बघत होते.

"जरा वरच्या अंगाला चला," ती म्हणाली.

कारखान्याचा पाइप नाल्यात उघडतो, त्याच्याही वर ती त्यांना घेऊन गेली. नाला तोच, माशांची जातही तीच. साहेबांची सावली पाण्यावर पडली मात्र, सगळे मासे दगडांखाली गडप.

"मासे असे पळायला हवेत," ती म्हणाली. "खालचे माणसाळलेले नाहीत, साहेब. आपल्या गोळ्या त्यांच्या अंगात भिनल्यात. बगळा दिसला तरी त्यांना भीती वाटत नाही. असेच संपत चाललेत."

बरोबरच्या माणसाला साहेबांनी पाइपच्या वरचं आणि खालचं, दोन्हीकडचं पाणी बाटल्यांत भरून घ्यायला लावलं.

त्यांची गाडी निघून गेली.

"चांगले पांग फेडलेस," मामा म्हणाले. "उद्यापासून गेटच्या आत पाऊल टाकायचं नाही."

तिचे डोळे भरून आले होते. गळ्यातलं ओळखपत्र काढून तिने त्यांच्या हातावर ठेवलं.

"नाही टाकणार," ती म्हणाली. "नाला बाहेरूनच वाहतो, मामा."