सुवार्नीचं धनुष्य

खांदा निखळल्यामुळे पावसाळाभर घरी बसलेले वागिमान आज योग्याकार्तातल्या तिरंदाजीच्या मैदानावर परतले आणि इथल्या बैठ्या तिरंदाजीच्या रीतीप्रमाणे रांगेत चटईवर मांडी घालून बसले. त्यांनी आपलं बांबूचं धनुष्य आडवं धरून दोरी ओढली. ती छातीपर्यंत येण्याआधीच खांद्यात कळ आली. शेजारी त्यांची बायको सुवार्नी बसली होती. तिने आपलं हलकं धनुष्य त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांचं स्वतःकडे घेतलं. “दादा, आता वहिनींचं पोलकंही घालणार का?” रांगेतल्या दुसऱ्या तिरंदाजाने, तुकिजोने, विचारलं. “मापाचं असेल तर घालीन,” वागिमान म्हणाले, पण त्यांचे कान तापले होते. हलकी दोरी सहज ओढली गेली. बाण मात्र टांगलेल्या लक्ष्याच्या बराच अलीकडे मातीत रुतला. दुसराही तिथेच पडला. “अहो, याची दोरी हलकी, बाणाचं टोक वर धरा. लक्ष्यामागच्या त्या फणसाच्या शेंड्याकडे,” सुवार्नी हळूच म्हणाली. ती इतक्या वर नेम धरते म्हणून लग्नापासून ते तिला हसत आले होते. आज त्यांनी निमूटपणे शेंड्यावर नेम धरला. लक्ष्याला बांधलेली घंटी वाजली. “खांदा बरा झाला की माझं धनुष्य मला परत दे,” ते म्हणाले. सुवार्नीने त्यांचं जड धनुष्य सावकाश पूर्ण ओढलं. बाण लक्ष्यावरून थेट पलीकडच्या केळीत गेला. “आधी मला याचा नेम खाली धरायला शिकवा,” ती म्हणाली, “मग परत मागा.”