पाद्रीबुवांची घंटा

ट्रंकेचं झाकण लागत नव्हतं, म्हणून पाद्रीबुवा स्वतःच तिच्यावर बसले होते.

"अहो, नुसते बसू नका, भार द्या," खाली वाकून कडीशी झटापट करत बायको म्हणाली.

"आहे तेवढा दिलाय. आणखी कुठून आणू?"

उद्या पहाटे दोघं सहा महिन्यांच्या सुट्टीवर मायदेशी निघणार होती. एवढ्यात बाहेर चर्चची सकाळची घंटा वाजली. खणखणीत आणि अगदी वेळेवर. सहा महिन्यांसाठी त्यांच्या जागी आलेल्या तरुण पाद्र्याने ती आज पहिल्यांदाच वाजवली होती.

पाद्रीबुवांचा चेहरा पडला. पोरगा सुरात गायचा, आल्या आल्या त्याने गळकं छप्पर दुरुस्त केलं होतं, आणि या परमुलखातली भाषाही तो भराभर उचलत होता. मिशनच्या मोठ्या साहेबांनी तर बजावलंच होतं, की त्याचा तिथे जम बसला तर त्यालाच राहू देऊ, तुमचं दुसरीकडे बघू. आपल्यावाचून इथलं पान हलत नाही असं पाद्रीबुवांना इतकी वर्षं वाटायचं. आता त्यांच्या डोळ्यांदेखत झाडच्या झाड हलत होतं.

"छान वाजवतो," ते कसेबसे म्हणाले.

दार धाडकन उघडलं. कोपऱ्यावरच्या भट्टीवाल्या मावशी पावांचा ट्रे घेऊन आत आल्या आणि तो त्यांनी सरळ पाद्रीबुवांच्या मांडीवर ठेवला.

"दाबून बघा! आत नुसता चिकट गोळा. घंटा लवकर का वाजली आज?"

"लवकर कुठे? सहालाच वाजली. रोज सहालाच वाजते."

बायकोला एकाएकी छत फार बघण्यासारखं वाटू लागलं.

"रोज?" मावशींना हसू आवरेना. "पाद्रीबुवा, तुम्ही उठणार, चपला शोधणार, चहा संपवणार, वाटेत मांजराशी गप्पा मारणार. तेवढ्यात माझे पाव भाजून होतात. घंटा झाली की भट्टी उघडायची, हा माझा हिशोब. शाळेच्या बाईंचाही तोच. आज बिचाऱ्या ओल्या केसांनी धावत सुटल्यात!"

"पण मावशी, एक घड्याळ घ्या ना."

"आहे की भिंतीवर. त्याच्याकडे कोण बघतं?"

पाद्रीबुवांनी बायकोकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"अख्ख्या गल्लीला माहीत आहे. सुरळीत चाललेल्या गोष्टीत तुम्हाला कशाला घालायचं?"

पाद्रीबुवांना खरं म्हणजे लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, त्यांना ते काय करणार? मावशींच्या मागोमाग आलेला तरुण पाद्री दारात ओशाळून उभा होता. पाद्रीबुवांनी ट्रे बाजूला ठेवला आणि त्याचा दंड धरून त्याला शेजारी ट्रंकेवर बसवलं. कडी खट्कन लागली.

"हे बघा, आधी चपला शोधायच्या."

"माझ्या दाराशीच असतात."

"तिथेच तर चुकतं. एक पलंगाखाली टाकत चला. मग चहा, सावकाश. मग मांजर दिसलं की थांबायचं."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर हाक मारायची."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बंदराकडे जाणारी गाडी गल्लीतून निघाली. बायकोने घड्याळ पाहिलं. सहा वाजले, तरी घंटा गप्प होती. पोरगा मनापासून चपला शोधत असणार. मावशी भट्टीच्या दाराशी लांब दांड्याचं फावडं घेऊन उभ्या होत्या. गाडी त्यांच्यासमोर आली आणि घंटा वाजली.

मावशींनी भट्टीचं दार किलकिलं करून आत पाहिलं आणि लगेच लावून घेतलं.

"जमलं का?" पाद्रीबुवांनी गाडीतून मान बाहेर काढून विचारलं.

"छे! अजून कच्चेच!"

गाडी पुढे गेली. मावशी फावडं उंच धरून चार पावलं तिच्यामागे धावल्या.

"सहा महिने खाऊ हो कच्चे!" त्या ओरडल्या. "सातव्या महिन्यात नाही खाणार!"