नभ की पाटी

सांगलीच्या मेंदू-सेवा केंद्रात तीसेक जोडपी बसली होती आणि कुणीच बोलत नव्हतं. डोक्यातल्या चिपमध्ये दोघांची सिस्टीम एकच असली की मनातलं थेट पोचतं. आवाज येत होता तो फक्त थोरवे आजी-आजोबांचा; आजोबांची सिस्टीम 'नभ', आजींची 'पाटी'.

"तुझ्या 'नभ'मध्ये सगळं कंपनी ठरवते. आठवण पुसायची तरी त्यांना विचारून," मृणालआजी म्हणाल्या.

"आणि तुझी 'पाटी'? परवा तूच उचकटलीस आणि दोन दिवस तुला माझं नाव आठवेना," हृषीकेशआजोबा म्हणाले.

"सुखात गेले ते दोन दिवस."

चाळीस वर्षं हेच चाललं होतं. तंत्रज्ञ मुलगी शेजारी येऊन बसली. "आजी, आजोबांचे कान वर्षभरात पूर्ण जातील. दोघांपैकी एकाने सिस्टीम बदला. पंधरा मिनिटांचं काम आहे. मग बोलावंच लागणार नाही."

"काय म्हणतेय?" हृषीकेशनी विचारलं.

आजी त्यांच्या कानाशी ओरडल्या, "आपलं भांडण बंद करून देते म्हणतेय."

"तिला म्हणावं, जमणार नाही."

"आणि कान गेल्यावर?" मुलीने विचारलं.

"लिहून भांडेन," म्हणत आजी उठल्या.

दोघं वाद घालतच बाहेर पडले. हॉल पुन्हा शांत झाला. मग कोपऱ्यातल्या एका बाईने शेजारी बसलेल्या नवऱ्याला तोंडाने विचारलं, "चहा घेऊ या?"

कोण बोललं म्हणून तो इकडेतिकडे बघू लागला. तिचा आवाज तो विसरून गेला होता.