दुसऱ्या ओळीतलं नाव

"नाव चढवायचंय की नवीन कार्ड?" खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं.

"उतरवायचंय," मालन म्हणाली.

कारकुनाने मान वर केली. रेशनिंग ऑफिसात लोक नावं चढवायला येतात. गावाकडचा मेव्हणा चढवतात, अजून पाळण्यातही न आलेलं पोर चढवतात. उतरवायला कोण येतं?

"मला नका विचारू, हिलाच विचारा," शेजारी उभी असलेली तिची सासू, सुंदराबाई म्हणाली. कांजूरमार्गच्या चाळीपासून दोघी चालत आल्या होत्या आणि वाटभर सुंदराबाईने तोंड उघडलं नव्हतं. आता रांगेत ऐकणारी माणसं मिळाली. "चार वर्षं झाली माझ्या मार्तंडाला जाऊन. हिच्याच नवऱ्याला. चार वर्षं त्याच्या नावची साखर गपगुमान घेतली. चहा केला, हिच्या पोरीच्या, नंदाच्या वाढदिवसाला शिरा केला. आता बाईसाहेब पवित्र झाल्या!"

"आत्याबाई, हळू बोला ना."

"का हळू? तीन महिने देवळात प्रभुभोजनाचा प्याला पुढं येतो, अन् ही हात न लावता शेजारणीकडं सरकवते. अख्खी मंडळी बघते. पाळकसाहेबांची बायको मला बाजूला घेऊन विचारते, सुंदराबाई, घरी सगळं ठीक ना? तरणी विधवा सून प्याला घेत नाही, लोकांनी काय समजायचं? मी मनातल्या मनात सगळी चाळ पालथी घातली, हा असेल का तो असेल. शेवटी धरून विचारलं, काय पाप केलंस ते तरी सांग. तर म्हणते काय? साखर!"

रांग खदखदून हसली. गिरणीचा संप लांबल्यापासून घरी बसलेला एक जण मागून ओरडला, "वहिनी, नको असेल तर ते नाव माझ्या कार्डावर चढवा!"

मालनचे कान लाल झाले. पण तिने खिडकीत सरकवलेलं कार्ड मागे घेतलं नाही.

"हा प्याल्याचा काय प्रकार?" कारकुनाने विचारलं.

"आम्ही ख्रिस्ती. येशूच्या आठवणीचा द्राक्षरस असतो त्यात, मन साफ करून घेतात तो. घरात खोटं ठेवून मला नाही घेववत."

कारकुनाने आवाज खाली आणला. "ताई, माझं ऐका. राहू द्या. तुमच्या चाळीत बघा, किती आजोबा मसणात जाऊनही रॉकेल घेतात."

"त्यांचं त्यांच्यापाशी. मला येत्या रविवारी प्याला घ्यायचाय." तिने मृत्यूचा दाखला पुढे केला. घडीवर घडी पडून तो चार जागी विरला होता.

कारकुनाने कार्ड उघडलं. "कार्ड कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या," सुंदराबाई म्हणाली.

"मग आजी, तुमचा अंगठा लागेल. तुम्ही नाही म्हणालात तर मला हात लावता येत नाही."

मालनला हे माहीत नव्हतं. ती सासूकडे बघत राहिली.

"ऐकलंस?" सुंदराबाईने कार्ड खिडकीतून आपल्याकडे ओढलं. "माझा अंगठा." तिला अक्षर येत नव्हतं. पण बोट गेलं ते थेट दुसऱ्या ओळीवर. तिथला कागद बोट फिरवून फिरवून काळा पडला होता.

मालनला ते दिसलं. गुडघे दुखत असूनही म्हातारी दर महिन्याला रेशनच्या दुकानात स्वतःच जायची, सुनेला पाठवायची नाही. सुनेने वजनात फसू नये म्हणून जाते, असं मालन धरून चालली होती.

"साखरेला आग लाव गं," सुंदराबाई म्हणाली. आवाज आता रांगेसाठी नव्हता. "दुकानदार कार्ड वाचतो ना. सुंदराबाई, मार्तंड, मालन, नंदा. सगळी हाईत का, विचारतो. मी हाय म्हणते. महिन्यातून एकदा कुणीतरी त्याला जित्या माणसांत धरतं."

रांगेतलं हसू थांबलं. मालनने दाखल्याची घडी घालायला घेतली. घडी नीट बसेना.

"राहू द्या, आत्याबाई. चला घरी."

"आता चला?" सुंदराबाई कडाडली. "अन् रविवारी परत प्याला सरकव! परत ती पाळकीणबाई माझं तोंड बघत बसू दे!" तिने कार्ड परत खिडकीत सरकवलं. "खोटं 'हाय' मी म्हणायचे, अन् प्याला पण मीच प्यायचे. तू कशापायी कोरडी बसलीस? आणा ती शाई."

कारकुनाने पॅड पुढे केलं. तिने अंगठा दाबला, जरूर होती त्याहून जोरात, आणि मग सवयीने डोक्याच्या केसांना पुसला.

कारकुनाने लाल पेन उचललं.

"साहेब," सुंदराबाई म्हणाली, "रेघ बारीक मारा."

त्याने बारीक मारली. मग कार्ड परत देताना खात्री करायला उरलेली नावं वाचली. "सुंदराबाई. मालन. नंदा. बरोबर?"

पहिल्या आणि दुसऱ्या नावाच्या मध्ये म्हातारीचे ओठ हलले.

"हाय," ती म्हणाली. "तिघीच हाईत."