तीन, एक, दोन

बाबांना कुणी ठेवून घ्यायचं, यावर दोन्ही मुलांचा दोन तास खल झाला. शेवटी महिपतरावांनीच आपला चाळीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर टीव्हीला जोडला. चिठ्ठी उचलल्यासारखा कुठलाही आकडा काढून देणारा प्रोग्राम त्यांनी ऐन उमेदीत असेंब्ली भाषेत लिहिला होता. बटण नेमकं कोणत्या क्षणी दाबलं, यावरून आकडा ठरवणारी एक ओळ त्यात होती. त्यामुळे आकडा कुणालाच आधी सांगता यायचा नाही.

"एक आला तर शुभंकरकडे, वारज्याला. दोन आला तर तेजसकडे, कर्वेनगरला. तीन आला तर वृद्धाश्रम. मशीनला कुणाची भीड नसते."

"काहीतरीच काय, बाबा!" असं म्हणत तेजसनेच बटण दाबलं.

पडद्यावर तीन उमटला.

"आता मशीननेच ठरवलं म्हटल्यावर आपण काय बोलणार," शुभंकर म्हणाला आणि त्याने गाडीची किल्ली उचलली.

महिपतराव उगाचच वायरींशी चाळा करत राहिले. "बघा हं, बंद करतोय मी," त्यांनी दोनदा सांगितलं. मग बंद केला.

ती ओळ त्यांनी सकाळीच काढून टाकली होती. तिच्याविना मशीन सुरू केलं की दर वेळी तेच आकडे त्याच क्रमाने येतात. आधी तीन, मग एक, मग दोन. कुणीतरी नुसतं "पुन्हा एकदा काढून बघू" म्हणायचा अवकाश होता.