मशीन दमलंय

"यात काही बिघाड नाही हो, मॅडम," काउंटरमागचा डेल म्हणाला. कर्टिसचा कॉम्प्युटर त्याने दुकानातल्या स्क्रीनला जोडला होता आणि कर्टिसचाच नेमबाजीचा गेम त्यावर खेळून बघत होता. बटण दाबलं की गोळी सुटत होती. लागतही होती. "कुठेच अडकत नाही. अजून दोनेक वर्षं सहज चालेल."

व्हर्नाने मागे वळून पाहिलं. तिचा पस्तिशीचा मुलगा कर्टिस ग्राफिक्स कार्डांच्या कपाटापुढे उभा होता, हात जॅकेटच्या खिशात. डुलुथच्या थंडीत त्याचं कुणाला नवल नव्हतं. पण हल्ली घरात, हीटरपुढेसुद्धा, त्याचे हात खिशातच असत. आजार हातांपासून सुरू झालाय, वर चढत जाणार, हे डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. घरी आल्यावर कर्टिस एवढंच म्हणाला, प्रोसेसर जुना झालाय, म्हणून मी सारखा हरतोय.

"पोरा, तू दुकानदार आहेस की डॉक्टर?" व्हर्ना दबक्या आवाजात म्हणाली.

"म्हणजे?"

"विकायला उभा आहेस ना? मग विक. मशीन दमलंय म्हण. त्याला ऐकू जाईल असं म्हण."

डेलने तिकडे पाहिलं. कर्टिस दोन्ही मनगटांत धरून एक खोकं कपाटातून खाली घेत होता.

डेल काउंटरवरून पुढे वाकला. "प्रोसेसर दमलाय, दादा!" तो ओरडला. "नुसतं कार्ड बदलून भागायचं नाही. दोन्ही घ्यावी लागतील."

"बघ!" कर्टिस तिथूनच म्हणाला. "घसा फोडून सांगतोय तुला, आई. मी दाबतो आत्ता, गोळी सुटते उद्या!"

"चुकलं बाबा माझं. तू शहाणा, मी येडी."

कितीतरी दिवसांनी तो हसला. मग हे कार्ड की ते, तापतं किती, पॉवर सप्लायला झेपेल का, यावर मायलेकांनी बराच वेळ वाद घातला. डेलने एकेका प्रश्नाचं उत्तर अगदी मन लावून दिलं.

गाडीत बसल्यावर कर्टिसने खोकं मांडीवर घेतलं. घरी पोहोचेपर्यंत धीर धरणं त्याला लहानपणीही जमलं नव्हतं. सीलच्या पट्टीची कड तो नखाने उचलायला लागला. काचेवर बर्फ साचत गेला, तरी तो उचलतच होता.

"हल्ली ही सीलं फार घट्ट लावतात," तो म्हणाला.

व्हर्नाने दोन्ही हातांनी स्टिअरिंग गच्च धरून ठेवलं.

"मेले हरामखोर," ती म्हणाली. "चिकटवतात कसले, शिवूनच टाकतात."