कोरं कार्ड

दोघांच्या नावाने आलेल्या बँकेच्या पत्रात अट एकच होती. ज्याचं क्रेडिट कार्ड अगदी कोरं, म्हणजे काहीच बाकी नसलेलं असेल, त्याला घरातल्या दुसऱ्याच्या कार्डावरची थकबाकी आपल्या कार्डावर घेता येईल आणि सहा महिने तिच्यावर व्याज लागणार नाही.

पत्र आल्यापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. नवऱ्याला न सांगता तिने बहिणीच्या कॉलेजची फी कार्डावर भरली होती. दर महिन्याला भरलेले पैसे व्याजातच जिरत होते, मुद्दल जागचं हलत नव्हतं. नवऱ्याचं कार्ड कोरं असणारच, हा माणूस चपलेचा अंगठासुद्धा तीनदा शिवून घ्यायचा. पण विचारायचं म्हणजे सगळंच सांगणं आलं. ती तीन वेळा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तशीच परत आत गेली.

चौथ्या खेपेला तोच म्हणाला, "काय गं, पायाला चाकं लावलीयस का?"

"अहो, माझ्या कार्डावरची बाकी तुमच्या कार्डावर घ्याल? मागाहून हवं तेवढं रागवा, पण आधी घ्या. निदान व्याज तरी वाचेल."

तो रागावला नाही. त्याने वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. तिला हायसं वाटलं.

"किती आहे?"

"माझे पाच पगार."

"म्हणजे तुझंही कार्ड कोरं नाही?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "अगं, मी आठवडाभर त्याच्याच भरवशावर बसलोय."